अडकणार नाही असा अर्ज

आईच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तीन महिने वाट पाहिल्यावर मिळाली होती, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची. म्हणून सोमवारी सकाळी कचेरीत पाऊल टाकल्या टाकल्या, डबा टेबलावर ठेवण्याआधीच, गणितीने एका दिवसाच्या रजेचा अर्ज भरला. कारण, तारीख, बदली माणसाचं नाव. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : 'आपला अर्ज मार्गस्थ झाला आहे.' हे वाक्य त्यानेच रचलं होतं. 'मार्गस्थ' या शब्दापायी त्याची एक अख्खी दुपार गेली होती, आणि आज तो शब्द स्वतःच्याच अर्जाखाली पाहून त्याला जरा भरून आलं.

गणिती हे त्याचं कचेरीतलं नाव. कंपनी लिफ्ट बनवणारी, आणि तो आधी लिफ्टच्या नियंत्रणाचं काम बघायचा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना दार उघडता कामा नये, हे इतर लोक लिफ्ट वरखाली पळवून तपासत. तो ते सिद्ध करी. दोनशे वेळा दार उघडलं नाही म्हणजे दोनशे एकाव्या वेळी उघडणार नाही असं थोडंच आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच्या संगणकात एक प्रोग्राम होता, त्याला तो तपासनीस म्हणे. लिफ्टचा आराखडा तपासनीसाला दिला की तो घडू शकणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा पिच्छा पुरवायचा, आणि शेवटी एक तर 'सिद्ध' म्हणायचा, नाही तर कुठे घोटाळा होईल त्या जागेवर बोट ठेवायचा. दहा वर्षांत गणितीच्या एकाही लिफ्टचं दार भलत्या जागी उघडलं नव्हतं.

आणि मग मोठ्या बाईंनी त्याला वरच्या मजल्यावर बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या अकराही कार्यालयांतल्या माणसांच्या नेमणुका, रजा, बढत्या पाहणाऱ्या.

"तुमची लिफ्ट अडकत नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "मग माझे अर्ज का अडकतात हो?"

अकरा कार्यालयांत रजा देण्याच्या अकरा तऱ्हा होत्या. एका ठिकाणी साहेबांनी मान हलवली की झालं. दुसरीकडे तीन सह्या. तिसऱ्या ठिकाणी कपाट हलवलं तेव्हा मागे चार वर्षांपूर्वीचे सात अर्ज सापडले होते, त्यांतले दोन लग्नाच्या रजेचे. मोठ्या बाईंना सगळ्यांसाठी एकच आराखडा हवा होता. ज्याला जे टप्पे हवेत ते त्याने चालू करावेत, नकोत ते बंद ठेवावेत. पण कुणी कसंही जुळवलं तरी अर्ज अडकता कामा नये.

गणिती आठ महिने राबला. त्याने चौतीस प्रश्न काढले. प्रत्येक कार्यालयाने हो किंवा नाही एवढंच सांगायचं, की त्या उत्तरांप्रमाणे त्यांचा आराखडा आपोआप तयार. चौतीस प्रश्नांच्या उत्तरांच्या जुळण्या होतात सतराशे कोटींहून जास्त. तपासनीसाने एकोणीस तास घेतले आणि एका ओळीत निकाल दिला : उत्तरं काहीही असोत, अर्ज कुठल्याही टप्प्यावर असो, तिथून शेवटापर्यंत जाणारी वाट असतेच. सिद्ध. गणितीने ती ओळ छापून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवली. दुपारी डबा खाताना तो तिच्याकडे बघत खायचा.

मुख्य कार्यालयाच्या वतीने उत्तरं द्यायला रजेच्या बाई बसल्या. बावीस वर्षं रजेचं टेबल सांभाळणाऱ्या या बाई अंगावर कायम स्वेटर घालत, कारण त्यांचं टेबल नेमकं एसीच्या तोंडाखाली होतं.

"यापूर्वी रजा कशी द्यायचात?" गणितीने सहज विचारलं.

"माणसाचं तोंड बघून," बाई म्हणाल्या. "विचारा आता."

"रजेवर जाणाऱ्याच्या जागी काम बघणाऱ्या बदली माणसाची संमती घ्यायची का?"

"घ्यायलाच हवी. न विचारता कुणाच्या गळ्यात काम मारायचं नाही."

"ज्याचा स्वतःचा रजेचा अर्ज अजून मंजूर व्हायचाय, त्याला दुसऱ्याच्या अर्जावर हो-नाही करता यावं का?"

"छे. त्याचं मन रजेत असणार. त्याला नको."

"अर्ज मागे घ्यायचा असेल तर त्यालाही हेच सगळे टप्पे असावेत का?"

"हो, म्हणजे उगीच कुणी पोरखेळ करणार नाही."

चौतीसच्या चौतीस प्रश्नांना बाईंनी काळजी घेण्याच्या बाजूचं उत्तर दिलं. काळजी घ्यायला काय हरकत आहे, असं त्या दर चार प्रश्नांनंतर म्हणत. गणिती खूश होता. काहीही उत्तर दिलं तरी बिघडत नाही, हीच तर त्याच्या कामाची गंमत होती.

तर सोमवारी अर्ज मार्गस्थ झाला. बदली माणूस म्हणून त्याने रजेच्या बाईंचंच नाव घातलं होतं, त्यांनी पाच मिनिटांत संमती दिली. अर्ज साहेबांकडे गेला. साहेब म्हणजे मुख्य कार्यालयाचे प्रमुख. गणिती त्यांचा उपप्रमुख. तिथे अर्ज थांबला. मंगळवारी सकाळीही तो तिथेच होता.

गणिती साहेबांच्या खोलीत गेला. साहेब खुर्चीत मागे रेलून खिडकीबाहेर बघत होते.

"साहेब, माझा अर्ज तुमच्याकडे आलाय."

"दिसतोय. पण बटण दाबलं जात नाही. तुमची स्वतःची रजा प्रलंबित आहे असं काहीतरी म्हणतंय."

"तुमचीही रजा आहे?"

"पुढच्या गुरुवारपासून चार दिवस मेहुण्याकडे जायचंय. घरून हुकूम आहे. काल सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी अर्ज टाकला."

गणितीने मनातल्या मनात आराखडा उलगडला. "मग तुमचा अर्ज तुमच्या बदली माणसाच्या संमतीला गेला असणार."

"माझा बदली माणूस कोण?"

"मीच. प्रमुखाची बदली नेहमी उपप्रमुखाने करायची."

"मग द्या की संमती."

"मला देता येत नाही. माझा अर्ज प्रलंबित आहे."

"तो कुणाकडे?"

"तुमच्याकडे."

साहेबांनी खुर्ची सरळ केली. "म्हणजे मी तुमच्यासाठी थांबलोय आणि तुम्ही माझ्यासाठी."

"तसं दिसतंय."

"मग तुम्ही तुमचा मागे घ्या. नाही तर मी माझा घेतो."

"मागे घ्यायलाही तेच टप्पे आहेत, साहेब. तुम्हाला माझी संमती लागेल, मला तुमची मंजुरी."

साहेब पुन्हा खुर्चीत मागे रेलले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक शांत, तृप्त भाव पसरला. "असू द्या," ते म्हणाले. "आपल्याला काही घाई नाही. घरी सांगेन, अर्ज अडकलाय, माझा इलाज नाही. लागलं तर तुम्ही एक फोन करून सांगा तिला. गणिताने सिद्ध झालंय म्हणावं."

संध्याकाळी घरी गणिती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला. आई कपात चहा ओतत होती, म्हणजे अर्धा कपात आणि अर्धा कपाशेजारी. गेले वर्षभर हे असंच चाललं होतं. बशी पुसून घेण्याची सवय तिने लावून घेतली होती, पण परवा तिने उकळत्या पाण्याचं पातेलं शेगडीच्या बाहेर टेकवलं, तेव्हापासून गणितीला कचेरीत दर तासाला घरी फोन करावासा वाटायचा. ताई परगावी, तिची धाकटी कांजण्यांनी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे ती येणं शक्य नव्हतं. आणि दवाखान्याची अट साधी होती : जवळचं माणूस सकाळपासून घरी नेईपर्यंत बरोबर हवं. नाही तर पुढची तारीख. पुढची तारीख म्हणजे आणखी साडेतीन महिने.

त्याने आईला सगळं सांगितलं. आईने निवृत्त होईपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं होतं.

"दोघांनी एकाच वेळी एकमेकांना फोन लावलाय," ती म्हणाली. "दोघांनाही एंगेज लागणारच. एकानं खाली ठेवायचा असतो."

"खाली ठेवायलाही दुसऱ्याची परवानगी लागते, आई."

आईने त्याच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "असलं एक्स्चेंज कुणी बांधलं?"

गणितीने चहा घेतला आणि ओटा पुसला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बातमी फुटली. साहेबांची रजा अडकली आहे, उपप्रमुखांचीही अडकली आहे, अर्ज पुढे सरकत नाहीत. खरं तर रजा कुणालाच नको होती. पण अर्ज सरकायला वेळ लागतो म्हटल्यावर आपला आधी रांगेत असलेला बरा, असं प्रत्येकाला स्वतंत्रपणे वाटलं. आठ दिवस आधी अर्ज करायचा असा नियम असल्यामुळे तारखेच्या चौकटीत संगणक स्वतःहूनच पुढचा गुरुवार घालत होता, आणि ती तारीख बदलण्याची तसदी कुणी घेतली नाही. बदली माणूस म्हणून सगळ्यांनी रजेच्या बाईंचं नाव घातलं, कारण स्वतःचा अर्ज न टाकलेलं तेवढं एकच माणूस होतं. बाई दुपारभर संमती देत बसल्या. चहाच्या वेळेपर्यंत चौसष्ट माणसांच्या कचेरीतले त्रेसष्ट अर्ज मार्गस्थ झाले होते. चौसष्टाव्या रजेच्या बाई. त्यांनी बावीस वर्षांत रजा घेतली नव्हती. नवे सगळे अर्ज साहेबांकडे गेले, साहेबांचा स्वतःचा अर्ज प्रलंबित म्हणून तिथून उपप्रमुखाकडे आले, आणि उपप्रमुखाचाही प्रलंबित म्हणून गणितीच्या पडद्यावर एकाखाली एक थबकले. त्याला ते दिसत होते. त्यांना हात मात्र लावता येत नव्हता.

त्याने ठरवलं, नियमच बदलायचा. बाईंचं एक उत्तर 'नाही' केलं की संपलं. पण पडदा म्हणाला : 'अर्ज मार्गस्थ असताना आराखड्यात बदल करता येत नाही.' हेही त्यानेच घातलं होतं. पाचव्या टप्प्यावर उभ्या असलेल्या अर्जाच्या पायाखालून पाचवा टप्पाच काढून घेतला तर तो बिचारा कुठे जाईल, अशा कनवाळूपणाने त्याने तो अडसर बसवला होता, आणि तो कुणालाही, अगदी स्वतः त्यालाही, काढता येणार नाही हे पुन्हा वेगळं सिद्ध केलं होतं.

तो वर मोठ्या बाईंकडे गेला.

"पुढच्या गुरुवारी मला एक दिवस तोंडी सुट्टी द्या," तो म्हणाला. "आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"गुरुवारी?" मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "अहो, गुरुवारी संचालक येतायत. तुमचीच सिस्टीम बघायला. आणि तुम्हीच तोंडी सुट्टी मागताय?"

"माझा अर्ज अडकलाय."

"तो अडकू शकत नाही. तुम्हीच मला तसं लिहून दिलंय."

"हो, पण—"

"तुम्ही विनारजा गेलात तर गैरहजेरीचं पत्र आपोआप निघेल. ते मला थांबवता येत नाही, तेही तुम्हीच सांगितलंत. मी काय करू, सांगा बरं." त्या रागावल्या नव्हत्या. उलट त्यांच्या आवाजात काळजीच होती. "नीट बघा एकदा. वाट असेलच. तुम्ही म्हणता म्हणजे असणार."

गणिती खाली आला. सिद्धतेवर अविश्वास दाखवणारं पहिलं माणूस आपण व्हावं, हे त्याला सहन होत नव्हतं. शनिवार-रविवार त्याने जेवणाच्या टेबलावर कागद पसरून आराखडा पुन्हा पहिल्यापासून काढला. चूक सापडली नाही. सोमवारी त्याने तपासनीसालाच विचारायचं ठरवलं. कचेरीची आत्ताची सगळी अवस्था त्याला दिली, त्रेसष्ट अर्जांसकट, आणि प्रश्न टाकला : माझ्या अर्जाला इथून शेवटापर्यंत वाट आहे का?

चार सेकंदांनी उत्तर आलं. आहे.

गणितीने चष्मा काढून डोळे पुसले. आठवडाभरात पहिल्यांदाच त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं. त्याने वाट मागितली. मोठी, गुंतागुंतीची, वीस-पंचवीस पायऱ्यांची असेल असं त्याला वाटत होतं, आणि त्याने टिपून घ्यायला पेन्सिलही घेतली. वाट एका पायरीची निघाली. 'कर्मचारी सेवेत नाही. अर्ज निकाली.'

त्याने ती दोनदा वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली. त्याला आठवलं. कामाच्या सहाव्या महिन्यात तपासनीसाने हटून बसून एक शंका काढली होती : अर्ज वाटेत असताना माणूस निवृत्त झाला तर? म्हणून गणितीने प्रत्येक टप्प्यावरून बाहेर पडणारं एक छोटं दार ठेवलं होतं. आणि त्या दिवसापासून तपासनीसाने पुन्हा म्हणून एक शंका काढली नव्हती. तेव्हा गणितीला वाटलं होतं, आपला हात बसला. आता कळलं की त्या दारानंतर तपासनीसाला शंका उरण्याचं कारणच नव्हतं. सतराशे कोटी आराखडे, आणि त्या सगळ्यांतून निघायची वाट होती ती हीच. आठ महिने राबून त्याने एवढंच सिद्ध केलं होतं की नोकरी सुटली की रजेचा प्रश्न सुटतो.

समोर भिंतीवर ती ओळ होती. तिच्यात चुकीचं एक अक्षरही नव्हतं. त्या दिवशी त्याने डबा न उघडताच परत नेला.

मंगळवारी सकाळी घरूनच त्याने दवाखान्यात फोन करून पाहिला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं की तारीख सोडायची असेल तर आजच सांगा, मागे रांग आहे. त्याने सोडत नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर, काय करून सोडत नाही, हे त्याला सुचेना. आई पलीकडच्या खोलीत उद्या-परवासाठी पिशवी भरत होती. रुमाल म्हणून तिने टेबल पुसायचं फडकं घडी करून ठेवलेलं त्याने पाहिलं, आणि ते बदलून रुमाल ठेवला.

बुधवारी दुपारी चार वाजता तो रजेच्या बाईंच्या टेबलासमोर जाऊन बसला.

"बाई, कर्मचारी सेवेत नाही अशी खूण कुठे करतात?"

"ही काय, हजेरीपटात. नावापुढं." बाईंनी जुना, हिरव्या पडद्याचा प्रोग्राम उघडून दाखवला. तो गणितीच्या आधीपासूनचा होता आणि त्यात त्याने कधी डोकावलं नव्हतं. "निवृत्त झाले, सोडून गेले, वारले. सगळ्यांना एकच खूण."

"याला कुणाची मंजुरी?"

"कुणाची लागणार? मेलेल्या माणसाला कुणी नामंजूर करतं का?"

गणितीने आजूबाजूला पाहिलं. "माझ्या नावापुढे करा. फक्त उद्यापुरती. शुक्रवारी सकाळी काढून टाका."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तोंड बघून रजा देण्याची बावीस वर्षांची सवय होती ती. जे दिसलं ते त्यांना पुरेसं वाटलं असावं. त्यांनी खूण केली. लगेच गणितीच्या मोबाइलवर निरोप आला : 'आपला अर्ज निकाली निघाला आहे.' सबंध दहा दिवसांत कचेरीतली एक गोष्ट शेवटाला गेली होती, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो तिथेच थोडा वेळ बसून राहिला.

"काढायची कशी तेवढं बघून ठेवते," बाई पडद्यावर शोधत म्हणाल्या. त्यांनी सगळ्या यादीवरून दोनदा बोट फिरवलं. "काढायची पाळी कधी आली नाही हो यापूर्वी. असेल इथंच कुठंतरी. शुक्रवारी बघू."

सहा वाजता फाटकात त्याने कार्ड टेकवलं. फाटक उघडलं नाही. पहारेकरी त्याला दहा वर्षं ओळखत होता, पण त्याने आधी आपल्या पडद्याकडे पाहिलं.

"तुम्ही आमच्यात नाही असं दाखवतंय, साहेब."

"मला बाहेर जायचंय."

"ते ठीक. पण मग तुम्ही आत आलात कसे, ते मला लिहावं लागेल." त्याने पाहुण्यांची वही पुढे केली. गणितीने नाव लिहिलं, येण्याची वेळ लिहिली, आणि 'कोणाला भेटायचे' या रकान्यात खूप विचार करून रजेच्या बाईंचं नाव घातलं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता ते दोघं दवाखान्यात पोचले. आईला आत नेलं. गणिती प्रतीक्षागृहात निळ्या खुर्चीवर बसून फॉर्म भरत होता. 'नातेवाइकाचा व्यवसाय' या ओळीपाशी त्याचं पेन अडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते.

"हे काय केलंत तुम्ही?" साहेबांचा आवाज खचलेला होता. "माझी रजा मंजूर झालीय. काल संध्याकाळी."

"कशी?"

"मला काय विचारता? मोठ्या बाईंच्या मोबाइलवर गेली, त्यांनी घरून हो म्हटलं. म्हणाल्या, एकदाची सिस्टीम चालली. इथे फाटक उघडत नाहीये. रजेवरच्या माणसाला आत घेत नाही म्हणे. सगळी कचेरी रस्त्यावर उभी आहे."

"सगळी?"

"सगळ्यांचीच मंजूर झालीय. आता घरी काय सांगू मी? बायको पलीकडे गाडीत बसलीय, बॅगा घेऊन."

फोन ठेवल्यावर गणितीने डोळे मिटले, आणि डोळ्यांसमोर एकोणतिसावा प्रश्न उभा राहिला. 'मंजुरी देणारी जागा रिकामी असेल, तर मंजुरी मिळाली असं धरावं का?' बाईंनी उत्तर दिलं होतं, धरावं, माणूस नाही म्हणून दुसऱ्याचं अडता कामा नये. म्हणजे काल चार वाजता, तो सेवेत नाही असं ठरलं त्याच क्षणी, उपप्रमुखाची जागा रिकामी झाली. त्याच्यापाशी थबकलेले सगळे अर्ज एका झटक्यात मंजूर झाले, आणि साहेबांच्या अर्जाला बदली माणसाची संमती मिळाली असं धरलं गेलं. आराखडा ठणठणीत होता. तुंबलं होतं ते एकाच जागी, आणि त्या जागी तो बसला होता.

संचालक अकरा वाजता येणार होते. गणितीने रिकाम्या कचेरीची कल्पना केली : ओळीने टेबलं, बंद पडदे, आणि एसीखाली स्वेटर घातलेल्या एकट्या बाई. भिंतीवरची ती छापील ओळही तिथे असणार होती. आपण ती काढून आणायला हवी होती, असं त्याला वाटलं, पण फाटकातून आत जायला आता त्याला कुणाला तरी भेटायचं असावं लागलं असतं. तो निळ्या खुर्चीवर बसून राहिला. फॉर्ममधली ती ओळ त्याने कोरीच ठेवली.

साडेबाराला मोठ्या बाईंचा फोन आला. तो उभा राहून बोलला.

"कुठे आहात?"

"दवाखान्यात. बाई, मी सगळं सांगतो. मी फक्त एक दिवसापुरती—"

"मला सांगितलं रजेच्या बाईंनी. ती खूण निघत नाही बरं का. हजेरीपट बनवणाऱ्याला फोन केला. तो म्हणतो, गेलेला माणूस परत येतो असं त्याने धरलंच नव्हतं. तुम्हाला नव्याने नेमावं लागेल, आणि नेमणुकीचा आराखडा अजून व्हायचाय."

"तो मीच करणार होतो."

"तेच ना," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण संचालक फार खूश झाले."

गणितीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"एकही माणूस आड न येता एकसष्ट अर्ज एका क्षणात. म्हणाले, असं आम्ही कुठेच पाहिलं नाही. आणि कचेरीत इतकी शांतता बघून तर त्यांना वाटलं, कामच इतकं सुरळीत चालतं. मग त्यांनी विचारलं, आधी तुंबलं होतं ते सुटलं कसं. मी खरं ते सांगितलं. एक माणूस काढला, आणि सुटलं."

"मग?"

"त्यांचं म्हणणं, बाकीच्या दहा कार्यालयांतही असा एकेक माणूस असणार. तो शोधून काढायला हवा. आणि हे काम बाहेरच्या माणसाने केलेलं बरं, म्हणजे पक्षपात नको. तुम्ही आता बाहेरचेच आहात. सोमवारी या. फाटकावर पाहुण्यांच्या वहीत तुमचं नाव सांगून ठेवते."

"आणि त्या दहा माणसांचं पुढे काय?"

मोठ्या बाईंनी जरा विचार केला. "ते आपल्या आराखड्यात येत नाही," त्या म्हणाल्या. "आई कशा आहेत?"

आई चांगली होती. दीडच्या सुमाराला परिचारिकेने तिला हाताला धरून बाहेर आणलं, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि कोणते थेंब किती वेळा घालायचे त्याचा कागद गणितीच्या हातात दिला. त्याने तो वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला. काही प्रश्न आहे का, असं तिने विचारलं. नाही, असं तो म्हणाला.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आईने त्याचा कोपर घट्ट धरला.

"शेवटी मिळाली का रे रजा?"

"मिळाली."

"किती दिवसांची?"

गणिती एक पायरी उतरला आणि तिच्यासाठी थांबला.

"ते लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"मग घाई कशाला करतोस?" आई म्हणाली. "हळू चल. मला एकाच डोळ्यानं दिसतंय."